चार मीटरच्या गाडीत देवरे अण्णा

देवरे अण्णा कोणाशीही उभ्याने बोलत नसत. कोणी भेटलं की आधी बसायला काहीतरी शोधत. खुर्ची, ओट्याची कड, कारखान्यातला रिकामा क्रेट, रस्त्यात कोणाची उभी स्कूटर. बसले की त्यांचे डोळे आपल्या डोळ्यांसमोर येत आणि मगच ते म्हणत, "हां, बोला भाऊ." सहा फूट पाच इंच उंचीच्या माणसाला जन्मभर लोकांचे भांग बघावे लागतात. "एखाद्याला टक्कल पडायला लागलंय हे त्याच्या बायकोच्या आधी मला कळतं," असं ते सांगत आणि माझ्या डोक्याकडे बघणं सौजन्याने टाळत.

अंबडच्या एका कंपनीत ते साचे आणि मापं बनवणाऱ्या टूलरूमला होते, मी खरेदी विभागात. सिडकोत आमची रो-हाउसेस एकाच गल्लीत होती. गल्लीतली ट्यूबलाइट अण्णा बदलत, छताच्या कोपऱ्यातली जळमटं काढायला अण्णांना हाक जाई, आणि गणपतीत मखराचा वरचा भाग त्यांच्यावाचून लागत नसे. कशालाही स्टूल लागत नसे. लोक त्यांना गमतीने 'शिडी' म्हणत. ते हसत. दारातून जाताना मात्र ते वाकतच, दार कितीही उंच असलं तरी. त्र्यंबक रोडच्या एका हॉटेलात दोन मजली उंचीचं काचेचं दार होतं, तिथेही वाकले. मी म्हटलं, "अण्णा, वर बघा तरी." म्हणाले, "वर बघून खात्री करणारे खोक पाडून घेतात, भो. हे जग साडेपाच फुटी आहे. आपण पाहुणे."

मी भित्रा माणूस आहे. वाहनात बसलो की माझा जीव थाऱ्यावर नसतो. तरीही कितीतरी वर्षं मी रोज अण्णांच्या गाडीतून कामावर जात होतो, कारण ते फुकट होतं आणि सोयीचं होतं. शिवाय माझी सासुरवाडी देवळ्याची. अण्णांची आई सटाण्याजवळच्या गावी एकटी राहायची, शहरात यायला तयार नव्हती, त्यामुळे दर शनिवारी पहिली पाळी संपली की अण्णा आणि सुमनवहिनी थेट तिकडे निघत. कधी कधी मीही देवळ्यापर्यंत त्यांच्यात घुसे.

एसटीने का जात नव्हते, हे विचारणाऱ्यांनी त्यांना एसटीत बसलेलं बघायला हवं होतं. एकदा गाडी गॅरेजमध्ये होती म्हणून आम्ही एसटीने गेलो. पुढच्या सीटच्या मागे अण्णांचे गुडघे मावेनात, म्हणून पाय मधल्या वाटेत. कंडक्टर दोनदा अडखळला. तिसऱ्यांदा म्हणाला, "पाहुणं, पाय आत घ्या. का त्यांचं येगळं तिकीट फाडू?"

अण्णा म्हणाले, "हाफ फाडा. अजून वाढतायत."

सगळी गाडी हसली. देवळ्याला मी उतरलो तेव्हा अण्णा आपले गुडघे हाताने धरून सरळ करत होते.

तेव्हाची त्यांची गाडी म्हणजे एक छोटी, जुनी हॅचबॅक. तिच्यात ते बसत नसत, घडी घालून ठेवल्यासारखे असत. सीट पार मागे. त्यांच्या मागे माणूस बसणं शक्य नव्हतं, तिथे पिशव्या ठेवायच्या. मान उजवीकडे कललेली. सिग्नलचा दिवा काचेच्या वरच्या कडेत लपायचा, म्हणून तो बघायला ते खाली वाकत. आणि उजवा गुडघा स्टिअरिंगच्या खाली टेकलेला. ॲक्सिलरेटरवरून ब्रेकवर पाय आणायचा तर आधी गुडघा बाहेर दाराकडे झुकवायचा, मग पाऊल उचलायचं, मग ब्रेक. आपल्याला एक हालचाल लागते तिथे त्यांना तीन लागत. मी शेजारी बसून रस्त्याकडे बघतच नसे. त्या गुडघ्याकडे बघत बसे.

पिंपळगाव बसवंतला कांद्याच्या ट्रॅक्टरांची रांग हायवेपर्यंत आली होती त्या दुपारी गुडघा अडकला. पुढचा ट्रॅक्टर एकदम थांबला. अण्णांचा गुडघा बाहेर झुकायच्या ऐवजी वर गेला आणि स्टिअरिंगखाली पाचरीसारखा बसला. गाडी सरळ ट्रॉलीकडे चालली होती. मला ट्रॉलीच्या फळीवरचा सुटलेला खिळासुद्धा दिसत होता. अण्णांनी कसंबसं डाव्या पायाने ब्रेक मारला. गाडी आचके देत बंद पडली. ट्रॉली आमच्या बॉनेटपासून हातभर लांब होती. मागून हॉर्न सुरू झाले.

अण्णांनी पाण्याची बाटली उघडली, प्याले, झाकण लावलं. मग म्हणाले, "भाऊ, गाडी बदलायची."

आणि शोध सुरू झाला.

अडचण अशी की त्यांच्या घरापुढचा पोर्च लहान. चार मीटरहून लांब गाडी आली तर फाटक लागत नव्हतं, आणि गल्लीत लावली तर समोरच्यांची निघत नव्हती. म्हणजे हवी होती कॉम्पॅक्ट एसयूव्ही. बाहेरून आखूड, आतून अण्णांएवढी. रविवारी सकाळी नाश्ता करून आम्ही तिघं निघायचो, शोरूममागून शोरूम. अण्णांनी प्लायवूडचा एक पाय केला होता, स्वतःच्या मांडीचा आणि पोटरीचा, मध्ये बिजागरी. टूलरूममध्ये भोक तपासायला गेज असतं. एक टोक भोकात गेलंच पाहिजे, दुसरं, ज्याला 'नो-गो' म्हणतात, ते जाता कामा नये. हा तसलाच प्रकार होता. शोरूममधली मुलं आधी अण्णांकडे मान वर करून बघत, मग बगलेतल्या लाकडी पायाकडे, आणि मग मॅनेजरला बोलवायला जात.

सुमनवहिनींना सनरूफ हवं होतं. त्या पाच फुटांच्या आतल्या. वरून आभाळ दिसावं एवढीच त्यांची हौस होती. पण सनरूफची यंत्रणा छताची दोन बोटं खाते. त्या गाडीत अण्णांचं डोकं छताला लागलं.

तिथला मुलगा म्हणाला, "सर, चालवताना सनरूफ उघडं ठेवायचं ना."

"म्हणजे डोकं बाहेर?" अण्णांनी विचारलं.

"नाही सर, म्हणजे मोकळं वाटतं."

वहिनी म्हणाल्या, "बरं होईल. सिग्नल तरी दिसेल यांना."

सगळ्यात वाईट म्हणजे स्टिअरिंग पुढे-मागे होण्याची सोय बहुतेक गाड्यांत फक्त वरच्या मॉडेलला होती, आणि वरच्या मॉडेलला सनरूफ होतंच. डोकं मोकळं ठेवावं तर गुडघा अडके, गुडघा सोडवावा तर डोकं अडके. अण्णा एकेका गाडीत बसत, लाकडी पाय लावत, उतरत आणि वाकून दार लावत. "नो-गो," म्हणत. चिडत नसत. चिडायला मी होतो. सातपूरपासून नाशिकरोडपर्यंत एकही शोरूम सुटलं नव्हतं, माझे रविवार जात होते, आणि सोमवारी मी पुन्हा त्याच जुन्या गाडीत त्याच गुडघ्याशेजारी बसत होतो. मला गाडी लवकर यायला हवी होती. त्यांच्यासाठी कमी, माझ्यासाठी जास्त. हे तेव्हा मी स्वतःशीही बोललो नव्हतो.

दसऱ्याच्या आधी एक गाडी सापडली. मधलं मॉडेल, सनरूफ नाही, स्टिअरिंग पुढे-मागे होणारं. लाकडी पाय सगळीकडून बसला. अण्णा बराच वेळ आत बसून राहिले. मान सरळ. त्यांची मान सरळ असलेली मी गाडीत पहिल्यांदाच बघत होतो. वहिनी हळूच म्हणाल्या, "लग्नात पण एवढे ताठ नव्हते."

"गेज फक्त वगळण्यासाठी असतं," अण्णा मला म्हणाले. "पास करायचं काम जॉबवरच, खऱ्या वस्तूवर. पुढच्या रविवारी चालवून बघू."

पुढच्या रविवारी ते टेस्ट ड्राइव्हला सेफ्टी शूज घालून आले. सुट्टीचा दिवस, स्वच्छ इस्त्रीचा शर्ट आणि पायात कारखान्यातले ते लोखंडी टोकाचे, नावेएवढे बूट. शनिवारी पाळीवरून थेट गावी जायचं तर पायात तेच असणार, म्हणून मुद्दाम घातलेले. तेलाचे डाग, तळव्यात लोखंडाचा चुरा. गाडी मात्र लखलखीत, सीटवर प्लॅस्टिक, आरशाला झेंडूची छोटी माळ.

मी म्हटलं, "अण्णा, बूट काढा. नवी गाडी आहे."

आपल्याकडे नव्या गाडीत पहिल्यांदा बसताना लोक चपला काढतातच. कोणाला सांगावं लागत नाही. शोरूमच्या मुलीने काही म्हटलं नव्हतं, मीच म्हटलं.

"पण मी हे मुद्दाम घालून आलोय, भाऊ."

"काढा हो. अजून पूजा नाही झाली तिची. लोखंड सांडेल आत. बूट काय, पायच आहे ना शेवटी?"

वहिनींनीही आपल्या चपला काढून दारापाशी ठेवलेल्या होत्या. अण्णांनी खाली बसून नाड्या सोडल्या, बूट जोडीने बाजूला ठेवले आणि मोज्यांनी गाडी चालवली. पाथर्डी फाट्यापर्यंत जाऊन आलो. पाय मासोळीसारखा इकडून तिकडे जात होता. परत आल्यावर मी म्हटलं, "घ्या हो आता, अण्णा. दसऱ्याला मिळून जाईल." त्यांनी वहिनींकडे बघितलं, आणि हो म्हणाले.

दसऱ्याला गाडी आली. हार, नारळ, चाकांखाली लिंबं. आई फोनवर होती. अण्णा तिला गाडीचा रंग सांगत होते आणि ती पलीकडून म्हणत होती, "गाडी ऱ्हाऊ दे, तू कधी येस?"

आठवडाभरात कामावर जाताना एकदा ते म्हणाले, "भाऊ, बुटाचं टोक कुठेतरी लागतंय बघा. ब्रेकच्या कडेला."

मला ते शोरूमच्या फरशीवर जोडीने ठेवलेले बूट दिसले. तेव्हाच बोलायला हवं होतं. मी म्हणालो, "नव्या गाडीचे पेडल कडकच असतात. सवय होईल." ते "असेल" म्हणाले. माणूस दुसऱ्याच्या शब्दावर इतक्या सहज विसंबतो, हे बघून मला अजून भीती वाटली, पण मी काच खाली करून बाहेर बघत बसलो. मी पुन्हा त्या गुडघ्याकडे बघायला लागलो होतो. आता गुडघ्याच्याही खाली, पावलाकडे.

मग तो शनिवार. पाळी सुटल्यावर आम्ही तिघं निघालो. अण्णा, शेजारी मी, माझ्या मागे वहिनी. अण्णांच्या मागची जागा नव्या गाडीतही पिशव्यांचीच होती. पिंपळगाव गेलं, सोग्रस फाट्याला वळलो. वहिनी शेंगदाणे सोलून पुढे देत होत्या. भावडबारीचा घाट उतरताना एका वळणाच्या पुढे टोमॅटोचे क्रेट भरलेली पिकअप अगदी हळू चालली होती.

अण्णांनी पाय उचलला. तो ब्रेकवर आला नाही.

बुटाचं लोखंडी टोक ब्रेकच्या पेडलखाली शिरलं होतं. ते सोडवायला गुडघा वर घ्यावा तर वर स्टिअरिंग होतं. मी हे सगळं बघितलं, कारण मी बघतच बसलो होतो. अण्णांनी पाय ओढला, पुन्हा ओढला. मागून वहिनी ओरडल्या, "अहो! अहो, पुढे!" हँडब्रेक माझ्या हाताशी होता. मी दोन्ही हातांनी दरवाज्यावरची मूठ धरली होती आणि ती सोडायचं मला सुचलं नाही.

उजवीकडे दरी होती. अण्णांनी गाडी डावीकडे, डोंगराच्या अंगावर घातली. माझ्या कानाशी दगड आणि पत्रा एकमेकांवर किंचाळले, आरसा तुटून मागे गेला, चाक गटारात उतरलं आणि आम्ही थांबलो. शेंगदाण्याची टरफलं हवेतून खाली आली. पिकअपवाल्याला काही कळलंही नाही. तो वळणापलीकडे निघून गेला.

कोणाला खरचटलंसुद्धा नव्हतं. अण्णा खाली उतरले. माझं दार उघडत नव्हतं म्हणून मी त्यांच्या बाजूने उतरलो. ते रस्त्याच्या कडेला, जमिनीवरच बसले. उजवा पाय थरथरत होता, नुसता तो एकच. त्यांनी दोन्ही हात त्यावर दाबून धरले तरी थांबेना.

"तुमची बाजू घासली, भाऊ," ते म्हणाले. "माफ करा."

"माझंच चुकलं," ते वहिनींना म्हणाले. "मोजमापात चूक झाली."

तेव्हाही मी काही बोललो नाही. वहिनींनी अण्णांच्या पायातले बूट काढले, दोन्ही, नाड्या न सोडता ओढून, आणि गाडीच्या मागच्या बाजूला फेकले. मग म्हणाल्या, "दोघं सावलीत बसा. मी गावात फोन करते."

यावर उपाय अगदी साधा होता. बूट कारखान्यात ठेवायचे आणि कापडी बूट घालून गाडी चालवायची. पत्रा दुरुस्त होऊन आला तेव्हा अण्णांनी तसं केलंही. पाय मोकळा चालायचा, कुठे लागायचा नाही. पण अण्णांना गाडी चालवता येईना. तिसऱ्या गिअरच्या वर जात नसत. मोकळ्या रस्त्यावर मध्येच ब्रेक दाबून बघत, पाय येतो का ते. अंबडच्या चौकात मागच्या ट्रकवाल्याने मान बाहेर काढून शिव्या दिल्या. त्या ऐकू आल्याचं त्यांनी दाखवलंही नाही. पुन्हा एकदा ब्रेक दाबून बघितला. काही दिवसांनी ते सकाळी कंपनीच्या बसच्या थांब्यावर दिसू लागले. शनिवारी गावी जाणं बंद झालं. आईचा फोन आला की ते घराबाहेर येऊन बोलत. "पुढल्या शनिवारी," असं म्हणताना मी ऐकलं आहे. बऱ्याचदा ऐकलं आहे.

एका संध्याकाळी मी त्यांच्या ओट्यावर गेलो. गाडी पोर्चमध्ये कव्हर घालून उभी होती. मी बसलो आणि सगळं सांगितलं. बूट काढायला मी लावले, का लावले, मला रविवारचा कसा कंटाळा आला होता, ते टोक लागतंय म्हणाले तेव्हा मला कसं लगेच कळलं होतं, आणि हँडब्रेक.

अण्णा ऐकत होते. मग म्हणाले, "बूट तुम्ही काढा म्हणालात, पण नाड्या मी सोडल्या. टूलरूमचा माणूस मी. ते जाऊ द्या." आणि उजव्या मांडीवर हात ठेवून, "मला गाडीची भीती नाही वाटत, भाऊ. पायाची वाटते. माझाच पाय, आणि मी सांगितलं तेव्हा आला नाही. शॉपमध्ये घडवलेला जॉब रिजेक्ट झाला तर लाल रंग मारून बाजूला ठेवता येतो. हा कुठे ठेवू?"

"हँडब्रेकचं हिला नका सांगू," ते म्हणाले. "तिच्या हातचा चहा बंद होईल तुमचा." मला हसू आलं नाही. त्यांनाही नाही.

गाडी बाहेर काढली ती सुमनवहिनींनी. कोणाला न विचारता ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घातलं. वयाची पन्नाशी उलटलेली. सकाळी मोकळ्या मैदानावर त्या शिकायला जायच्या आणि अण्णा मैदानाच्या कडेला उभे राहायचे, बसायला काही न शोधता. लायसन मिळाल्यावर त्या गल्लीतून गाडी काढू लागल्या तेव्हा समोरच्या जोशीकाकू म्हणाल्या, "अगं, पण तुझं डोकं दिसत नाही बाहेरून!" वहिनी म्हणाल्या, "यांचं दिसतं ना, पुरे."

आईने अंथरूण धरल्याचा फोन आला तो एका शनिवारी सकाळी. वहिनी माझ्या फाटकाशी आल्या. "निघतोय आम्ही. देवळ्याला येताय ना, भाऊजी? जागा आहे आता, माझ्या मागे."

घाट उतरून जायचं होतं. वहिनी त्या घाटातून पहिल्यांदाच गाडी नेणार होत्या. मी म्हणालो, माझ्याकडे पाहुणे यायचे आहेत. पाहुणे कोणी यायचे नव्हते. अण्णा पोर्चमध्ये उभे राहून माझ्याकडे बघत होते. त्यांना कळलं असावं. त्यांनी मान हलवली, ठीक आहे अशा अर्थाने. त्यांच्या चेहऱ्याचा रंग गेलेला होता. मी इतका घाबरलेला माणूस त्याआधी बघितलेला नाही, आणि इतकं घाबरूनही गाडीत बसणारा तर नाहीच.

कारण ते बसले. त्यानंतर आईजवळ ते तिकडेच राहिले, तिथूनच त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज पाठवला, आणि पुढे माझी बदली चाकणला झाली. फोनवर बोलणं होतं. भेट झालेली नाही. म्हणून माझ्यासाठी ते अजून त्या डाव्या सीटवर आहेत. सीट पार मागे, मान सरळ, गुडघ्यांपुढे वीतभर मोकळी जागा. त्यांना बरोबर होणारी गाडी शेवटी हीच होती, फक्त बाजू दुसरी होती.

त्या सकाळी वहिनींनी बुडाखालची उशी सारखी केली, आरसा खाली घेतला आणि गाडी काढली. फाटकातून बाहेर येताना समोरून दुधाची गाडी आली. वहिनी सावकाश थांबल्या. मी पुढे होऊन खिडकीतून वाकून बघितलं. अण्णांचा उजवा पाय, कापडी बुटातला, समोरच्या चटईवर पूर्ण ताकदीने दाबलेला होता. दुधाची गाडी निघून गेली. वहिनींनी त्यांच्याकडे न बघता विचारलं, "लागला का ब्रेक?"

"लागला," अण्णा म्हणाले. "चल."